जरा बताइएगा, क्या कमी लगी?

घरात, शेतात, अंगणात जिथं असाल तिथून ऐकताय, बरं वाटलं. आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका बचत गटाच्या बायका बोलतोय. आज आम्ही ना पाककृती सांगणार, ना कर्जाची योजना. गिऱ्हाइकाला हिंदीत त्याचं मत कसं विचारायचं, एवढंच सांगणार आहोत. विषय लहान वाटेल, पण तो शिकायला आम्हाला बरेच पैसे मोजावे लागले. ते तुम्हाला मोजावे लागू नयेत, म्हणून हे बोलणं.

आमच्या गटात अकरा जणी. शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीची कडक भाकरी करून विकतो. दिल्लीच्या प्रगती मैदानावर दरवर्षी १४ नोव्हेंबरला मोठा व्यापार मेळा सुरू होतो. तिथं सरसच्या दालनात देशभरातल्या बचत गटांना जागा मिळते. एका वर्षी आमचाही नंबर लागला. गटाच्या शिलकीतून आणि अंतर्गत कर्जातून चाळीस हजार घातले, माल बांधला आणि चौघी रेल्वेत बसलो. आमच्यातल्या एकीनं तर लेकीच्या फीचे पैसे त्यात घातले होते.

हिंदीची काळजी कुणालाच नव्हती. रोज टीव्हीवर मालिका बघतो, सगळं समजतं. पण ऐकून समजणं वेगळं आणि समोरच्याला नीट विचारणं वेगळं, हे तिथं गेल्यावर कळलं.

पहिले चार दिवस लोक यायचे, चव घ्यायचे. आम्ही लगेच विचारायचो, ‘अच्छा है ना?’ ते म्हणायचे, ‘हाँ, अच्छा है’ आणि पुढच्या स्टॉलवर निघून जायचे. चटणी थोडीफार खपली, भाकरीचे खोके मात्र तसेच. रात्री हिशेब केला की पोटात गोळा यायचा. सगळे चांगलं म्हणतात, मग घेत का नाहीत?

आमच्या शेजारी बिहारच्या जीविका दीदींचा स्टॉल होता. तिकडं बचत गटातल्या बायकांना जीविका दीदी म्हणतात. सत्तू आणि लोणची घेऊन आल्या होत्या. त्यातल्या एका वयस्कर दीदी आमचं बोलणं चार दिवस ऐकत होत्या. पाचव्या दिवशी म्हणाल्या, ‘दीदी, आप पूछती कहाँ हैं? आप तो जवाब भी खुद ही दे देती हैं।’

खरंच होतं ते. ‘अच्छा है ना?’ म्हटल्यावर तोंडावर ‘नाही’ कोण म्हणेल? आपण तरी कुणाच्या घरी जेवताना म्हणतो का? मग त्या दीदींनी स्वतः आमच्या स्टॉलवर उभं राहून दाखवलं. एक आजी आल्या होत्या. भाकरीचा तुकडा मोडून त्यांना दिला आणि म्हणाल्या, ‘माताजी, ये बहनें बहुत दूर से आई हैं। आप बुरा न मानें तो जरा बताइएगा, इसमें क्या कमी लगी?’ एवढं बोलून गप्प राहिल्या. आजींनी तुकडा चावला, इकडं-तिकडं बघितलं आणि हळूच म्हणाल्या, ‘बेटा, रोटी तो सूख गई है।’

मैत्रिणींनो, आम्हाला हसावं की रडावं कळेना. चार दिवस लोकांना वाटत होतं की आम्ही शिळी, वाळलेली पोळी विकतोय! कडक भाकरी मुद्दाम तशी करतात, ती महिनोन्‌महिने टिकते, कालवणात कुस्करून खातात, हे त्यांना कोण सांगणार? आणि आमचं मन राखायला सगळे ‘अच्छा है’ म्हणत होते.

आता वही-पेन घ्या. त्या दीदींकडून आणि पुढच्या दहा दिवसांत आम्ही जे शिकलो, ते हळूहळू सांगतो.

पहिली गोष्ट, ‘तुम’ आणि ‘आप’. आपल्या ‘तुम्ही’त मान आहे. म्हणून आपण ‘तुम बताओ’ म्हणतो आणि आपल्याला वाटतं मान दिला. हिंदीत ‘तुम’ हे बरोबरीच्याला किंवा लहानाला म्हणतात. अनोळखी माणसाला ‘आप’च. आणि ‘आप’बरोबर ‘बताइए’. दिल्लीत ‘आप बताओ’ही कानावर पडतं, पण मोठ्या माणसाशी ‘बताइए’ बरं दिसतं. ‘बताइएगा’ म्हटलं तर आणखी मऊ. त्यात ‘आत्ताच सांगा’ अशी घाई नसते.

दुसरी गोष्ट, हाक. आम्ही एका कॉलेजच्या पोरीला प्रेमानं ‘ताई’ म्हटलं. ती आणि तिच्या मैत्रिणी खो-खो हसायला लागल्या. हिंदीत ताई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, म्हणजे आपली मोठी काकू! बहिणीला तिकडं ‘दीदी’ म्हणतात. वयस्कर बाईला ‘माताजी’, पुरुषाला ‘भैया’ किंवा ‘भाईसाहब’. काहीच सुचलं नाही तर नुसतं ‘जी’ लावा. ऐकू आलं नाही तर आपण ‘काय?’ म्हणतो, तसं ‘क्या?’ म्हणू नका, ते तुटक वाटतं. ‘जी?’ म्हणा, किंवा ‘फिर से कहिएगा?’ म्हणा.

तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. काही शब्द दोन्ही भाषांत आहेत, पण अर्थ वेगळे. आम्ही स्टॉलवर एक वही ठेवली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘आपका अभिप्राय दीजिए’. एक गृहस्थ बराच वेळ बघत राहिले आणि विचारलं, ‘किस बात का अभिप्राय?’ हिंदीत अभिप्राय म्हणजे बोलण्यामागचा अर्थ, मतलब. मग आम्ही ते खोडून ‘सूचना’ लिहिलं. तेही चुकलं. आपली सूचना म्हणजे काय बदलावं ते सांगणं, त्यांची सूचना म्हणजे माहिती, बातमी. शेवटी ‘मत दीजिए’ लिहायला निघालो, तर दीदींनी हातच धरला. ‘मत दीजिए’ म्हणजे ‘देऊ नका’, नाहीतर ‘वोट द्या’! लिहायचं होतं ते एवढंच: ‘अपनी राय और सुझाव जरूर लिखिए’. राय म्हणजे मत, सुझाव म्हणजे सुचवलेला बदल. हे दोन शब्द पाठ करा, बाकीचे विसरा.

तसंच मिठाचं. आमच्यातली एक विचारायची, ‘मीठ कम है क्या?’ लोकांना ऐकू यायचं ‘मीठा’. ते म्हणायचे, चटणीत गोड कशाला? मीठ म्हणजे ‘नमक’, तिखट असेल तर ‘तीखा’ किंवा ‘मिर्च ज्यादा’, आंबट म्हणजे ‘खट्टा’. शेंगदाणा म्हणजे ‘मूंगफली’. आमच्या पाकिटावर ‘शेंगदाणा चटणी’ छापलं होतं. अक्षरं सगळ्यांना वाचता येत होती, कारण लिपी एकच. अर्थ कुणालाच लागत नव्हता.

चौथी गोष्ट, प्रश्न लहान ठेवा. ‘कैसा लगा?’ विचारलं की ‘अच्छा’ हेच उत्तर येतं. त्यापेक्षा एकेक विचारा. ‘नमक ठीक है या कम लगा?’ ‘पैकेट बड़ा है या छोटा चाहिए?’ ‘घर में इसे किसके साथ खाएँगी?’ ‘अगली बार हम क्या बदलें?’ असं विचारलं की माणूस विचार करून बोलतो. आणि आधी परवानगी घ्या: ‘आपके पास एक मिनट हो तो कुछ पूछें?’ नाही म्हणाले तर हसून ‘कोई बात नहीं’ म्हणा. आपली हिंदी कच्ची असेल तर लाजू नका. आम्ही सरळ सांगायचो, ‘हमारी हिंदी कच्ची है, कुछ गलत कह दें तो माफ कीजिएगा।’ तेवढ्यानं लोक थांबायचे आणि सावकाश बोलायचे.

पाचवी गोष्ट सगळ्यात अवघड. उत्तर आलं की वाद घालायचा नाही. एका बाईंनी सांगितलं, चटणीत लसूण आहे, आमच्या घरी चालत नाही. आमच्यातली एक पटकन म्हणाली, ‘लहसुन के बिना चटनी होती ही नहीं!’ बाई गप्प झाल्या आणि गेल्या. मत मागायचं आणि दिलं की भांडायचं, मग ‘आप’ म्हणा की ‘जी’ म्हणा, ती नम्रता काय कामाची? त्यानंतर आम्ही ठरवलं, काहीही ऐकलं तरी म्हणायचं, ‘आपने बताया, अच्छा किया। हम ध्यान रखेंगे।’ आणि त्यांच्यासमोरच वहीत लिहायचं. आपलं बोलणं लिहून घेतलं जातंय हे दिसलं की माणूस आणखी दोन गोष्टी सांगतो.

मग आम्ही काय केलं? त्याच रात्री पाटी बदलली. ‘ज्वार की करारी रोटी, महीनों टिकती है, दही, दाल या चटनी के साथ खाइए’. करारी म्हणजे कुरकुरीत. एका ताटात भाकरी मोडून वर दही आणि चटणी घालून चवीला ठेवली. ‘इसमें लहसुन है’ अशी चिठ्ठी चटणीसमोर लावली. भाकरी खपायला लागली. सगळी खपली असं म्हणणार नाही, तीन खोके परत आणले. पण घातलेले पैसे निघाले, थोडे वरही राहिले, लेकीची फी वेळेवर भरली. वहीत बावीस पानं भरली होती. त्यातूनच पुढं बिनलसणाची चटणी आली, शंभर ग्रॅमचं पाकीट आलं आणि पाकिटावर ‘मूंगफली की सूखी चटनी’ आलं.

आणखी एक सांगतो आणि थांबतो. गावी परतल्यावर गटाची बैठक झाली. अध्यक्षांनी नेहमीसारखं विचारलं, ‘कुणाला काही अडचण नाही ना?’ सगळ्या म्हणाल्या, नाही. दिल्लीला गेलेल्या आम्ही चौघी एकमेकींकडं बघायला लागलो. हे तर आपलंच ‘अच्छा है ना’! मग एकेकीला नाव घेऊन विचारलं, ‘हप्त्याचा वार तुला कसा पडतो? कुठला वार बरा?’ एक वहिनी म्हणाली, मजुरी शनिवारी मिळते आणि हप्ता गुरुवारी, दर वेळी उसने घेते. दोन वर्षं ती हे मनात ठेवून होती. आता हप्ता रविवारी असतो.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत दहा मिनिटं काढा. दोघी-दोघी समोरासमोर बसा. एकीनं गिऱ्हाईक व्हायचं, दुसरीनं विचारायचं: ‘बुरा न मानें तो जरा बताइएगा, क्या कमी लगी?’ गिऱ्हाईक झालेलीनं खरोखरची एक खोड काढायची. विचारणारीनं ती न चिडता लिहून घ्यायची. पहिल्यांदा हसू येईल, दुसऱ्यांदा राग येईल, तिसऱ्यांदा जमेल.

आणि आमचं आजचं बोलणं कसं झालं, ते आम्ही ‘चांगलं झालं ना?’ असं विचारणार नाही. काय कमी राहिली, कुठला शब्द समजला नाही, ते तुमच्या गटात बोला आणि केंद्रावर कळवा. आम्ही वही घेऊन बसलोय.