संगणक, यंत्र आणि आपले हात

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आरती झाल्यावर आणि प्रसाद वाटण्याआधी व्याख्यान ठेवणं ही आपल्या मंडळाची जुनी युक्ती आहे. श्रोते जागचे हलत नाहीत! तिचा मी फार फायदा घेणार नाही.

मी इथे बंगळूरमध्ये आर्किटेक्चर शिकवते. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आपल्यापैकीच कोणाचा तरी फोन येतो. "ताई, मुलीला आर्किटेक्चरला घालायचं म्हणतोय. पण आता सगळं संगणकच करतो ना? मग पाच वर्षं शिकून ती करणार काय?" गेल्या दोन-तीन वर्षांत त्यात एका वाक्याची भर पडली आहे. "एआयला सांगितलं की मिनिटात बंगल्याचं चित्र येतं म्हणे!" प्रश्न रास्त आहे. फोनवर त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून आज इथे देते.

आधी दोन शब्द समजून घेऊ. पहिला, कॉम्प्युटेशनल डिझाइन, म्हणजे गणनेतून केलेली रचना. शिंप्याकडे ब्लाउजचं कटिंग असतं. छाती, कंबर, बाही ही मापं बदलली की तेच कटिंग नव्या अंगाला बसतं. शिंप्याच्या डोक्यात एक ब्लाउज नसतो, ब्लाउजचा नियम असतो. तसंच इथे आर्किटेक्ट रेघ मारत नाही, नियम लिहितो. खिडकीची रुंदी बदलली की भिंत, कमान, विटांची संख्या सगळं आपोआप बदलतं. दुसरा शब्द डिजिटल फॅब्रिकेशन. संगणकातला आराखडा कागदावर न छापता थेट यंत्राला द्यायचा. मग लेसर कटर पुठ्ठा किंवा प्लायवूड कापतो, सीएनसी राउटर लाकूड कोरतो, थ्री-डी प्रिंटर थरावर थर देत वस्तू उभी करतो.

यानं नेमकं काय बदललं? दोन प्रसिद्ध इमारती शेजारी ठेवून पाहू.

सिडनीच्या ऑपेरा हाउसची स्पर्धा १९५७ साली डेन्मार्कच्या यॉर्न उट्झोन यांनी जिंकली. शिडांसारखी छपरं चित्रात सुंदर दिसत होती, पण प्रत्येकाचा बाक वेगळा. प्रत्येक तुकड्याला वेगळा साचा करायचा म्हणजे खर्चाला अंतच नाही. तोड निघाली ती १९६१ च्या सुमारास. सगळी छपरं एकाच मोठ्या गोलाचे तुकडे मानायची, संत्र्याच्या सालीसारखे. गोलाचा बाक सगळीकडे सारखा, म्हणून तेच साचे पुन:पुन्हा वापरता आले. इमारत १९७३ मध्ये खुली झाली. गणितासाठी तेव्हाही संगणक वापरले होते, पण तुकडे सारखे असणं भागच होतं.

आता स्पेनमधल्या बिल्बाओचं गुगेनहाइम संग्रहालय पाहा. फ्रँक गेरी यांची ही इमारत १९९७ मध्ये खुली झाली. इथे टायटॅनियमच्या पत्र्यांचे बाक जागोजागी वेगळे. हे जमलं कारण त्यांच्या कार्यालयानं कॅटिया नावाची प्रणाली आणली. विमानं बनवणाऱ्या दासो या फ्रेंच कंपनीची ती. बाकाची मापं संगणकातून कारखान्यात पोहोचू लागली. यंत्राला शंभर सारखे तुकडे कापायला जेवढे कष्ट, जवळपास तेवढेच शंभर वेगळे कापायला. जोडणाऱ्या माणसाचं काम मात्र वाढतं, हे लक्षात ठेवा. आणखी एक गोष्ट. गेरी स्वतः कागद आणि लाकडाची मॉडेलं हातानं करवून घेत. संगणक त्या मॉडेलांची मापं घेत असे. पहिला आकार हातातूनच आला.

विचार तर संगणकाहून जुना आहे. आपल्या मंडपात फुलांची माळ दोन खांबांना लोंबती बांधली आहे, ती बघा. तिला तो बाक कोणी शिकवला? वजनानं ती आपोआप तशी लोंबते, आणि तिच्या प्रत्येक फुलावर फक्त ताण असतो. तो बाक जसाच्या तसा उलटा करा. त्या कमानीत फक्त दाब उरतो, आणि वीट-दगडाला दाबच मानवतो. इंग्लंडच्या रॉबर्ट हुकनं सतराव्या शतकात हे ओळखलं. बार्सिलोनाच्या अँटोनी गाउदीनं दोरे आणि छऱ्यांच्या पिशव्या टांगून अख्ख्या चर्चचं उलटं मॉडेल केलं. एक पिशवी जड केली की सगळे दोरे आपापली जागा बदलत. हे गणनेतून रचना करणंच होतं, फक्त विजेशिवाय!

याच गाउदीचं साग्रादा फामीलिया हे चर्च तो १९२६ मध्ये गेल्यावर अपुरं राहिलं, आणि १९३६ च्या यादवीत त्याची प्लास्टरची मॉडेलं फुटली. पुढच्या पिढ्यांनी तुकडे जुळवले. न्यूझीलंडचे आर्किटेक्ट मार्क बरी १९७९ पासून त्या कामात होते. त्यांनी पुढे संगणकाच्या मदतीनं गाउदीच्या पृष्ठभागांचे नियम शोधून काढले. गंमत अशी की त्यातले बरेच बाक सरळ रेघांचे बनलेले आहेत. उत्तरेकडे मूढा म्हणतात ते वेताचं, कमरेत बारीक असलेलं स्टूल तुम्ही पाहिलं असेल. कांड्या सगळ्या सरळ, पण आकार मात्र बाकदार. गवंड्याला दोरी ताणून दाखवता येईल असा बाक.

आता आपल्या देशात येऊ. बाळकृष्ण दोशी यांना २०१८ मध्ये प्रिट्झकर पुरस्कार मिळाला, तो मिळवणारे ते पहिले भारतीय. जन्म १९२७ चा, पुण्याचा, आणि घरात फर्निचरचा धंदा. म्हणजे लाकडाचा भुसा लहानपणापासून नाकात गेलेला! बन्नेरघट्टा रोडवरचं आयआयएम त्यांचंच. दगडी भिंती, वर वेली, मधून झिरपणारा उजेड. पाहिलं नसेल तर जरूर पाहा. २०२३ मध्ये ते गेले.

त्यांनी चित्रकार हुसेन यांच्यासाठी अहमदाबादेत जमिनीखाली एक कलादालन बांधलं. आज ते 'अमदावाद नी गुफा' म्हणून ओळखलं जातं. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातलं हे काम. एकमेकांत मिसळलेले घुमट, झाडाच्या बुंध्यासारखे वाकडेतिकडे खांब. त्याची रचना बसवायला संगणकाची मदत घेतली गेली. आणि बांधलं कोणी? आदिवासी मजुरांनी, साध्या हत्यारांनी. लोखंडी जाळी वाकवायची आणि वर सिमेंटचा थर हातानं चढवायचा. कवच जेमतेम इंचभर जाडीचं! आकारातच ताकद आहे, म्हणून एवढी जाडी पुरली. वर फुटक्या चिनी मातीचे तुकडे बसवले.

मला ही इमारत फार महत्त्वाची वाटते. स्वित्झर्लंडमध्ये ईटीएच झ्युरिकच्या ग्रामात्सियो आणि कोहलर यांनी २००६ मध्ये एका वाइनरीची भिंत रोबोकडून रचून घेतली. प्रत्येक वीट थोड्या वेगळ्या कोनात, म्हणून लांबून द्राक्षांचे घड दिसतात आणि फटींतून उजेड आत येतो. सुरेखच आहे ती. पण फटींची वीटकामाची जाळी केरळमध्ये लॉरी बेकर यांच्या गवंड्यांनी थापी आणि ओळंब्यावर कितीतरी वर्षं आधी रचली होती. तिकडे हात महाग, म्हणून रोबो. आपल्याकडे कसबी हात अजून आहेत. आपल्या यंत्रानं त्या हाताला बाजूला सारायचं की त्याला नवं काम द्यायचं, हा आपल्यापुढचा खरा प्रश्न आहे.

यंत्राचं कौतुक मला नाही असं समजू नका. अलसूरला केंब्रिज लेआउटमध्ये आपलं नवं पोस्ट ऑफिस आहे. थ्री-डी प्रिंटिंगनं बांधलेलं देशातलं हे पहिलं टपाल कार्यालय. क्षेत्रफळ १,०२१ चौरस फूट. एल अँड टी कंपनीनं, आयआयटी मद्रासच्या तांत्रिक मार्गदर्शनाखाली ते ४३ दिवसांत बांधलं. उद्घाटन १८ ऑगस्ट २०२३ ला झालं. तिथे जाऊन भिंतीवरच्या थरांवरून हात फिरवून पाहा. मिश्रणाची अवघड गोष्ट घरातल्या बायकांना लगेच कळेल. चकलीचं पीठ सैल झालं तर काटे पडत नाहीत, घट्ट झालं तर सोऱ्या फिरत नाही. काँक्रीटचं तसंच आहे. नळीतून वाहिलं पाहिजे, आणि बाहेर पडताच वरच्या थराचं वजन पेललं पाहिजे. हा मेळ बटण दाबून येत नाही. कोणीतरी मिश्रणात हात घालून तो शिकलेलं असतं.

आता शिक्षणाकडे वळते. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी एक काम देते. खिळा नाही, डिंक नाही, फक्त खाचा एकमेकींत अडकवून प्लायवूडचं एक स्टूल करा. संगणकावर ते तासाभरात होतं आणि पडद्यावर अगदी घट्ट बसतं. यंत्रावर कापलं की डुगडुगतं. मुलं यंत्राला दोष देतात. आमच्याकडे एक सुतारमामा येतात, त्यांना मी वर्गात बोलावते. ते स्टूल हलवून बघतात आणि दोनच प्रश्न विचारतात. "पात्यानं किती खाल्लं? फळी मोजली होती का?" लेसरचा किरण मिलिमीटरचा दहावा-पाचवा हिस्सा जाळतो, आणि बाजारातलं बारा मिलिमीटरचं प्लायवूड क्वचितच बरोबर बारा असतं. मग मुलं फळी मोजतात आणि आपल्या नियमात दोन आकडे घालतात, खरी जाडी आणि पात्याची खाद. आता फळी बदलली तरी एक आकडा बदलायचा, सगळ्या खाचा दुरुस्त! त्या दुपारी त्यांना गणना आणि सुतारकाम दोन्ही कळतं, आणि सुतारमामांना सर म्हणायला कोणाला सांगावं लागत नाही.

याचं उत्तम उदाहरण आपल्या मुलखात आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतून डॉक्टरेट घेतलेला, हिंदुस्तान लीव्हरमध्ये संशोधन केलेला हा माणूस शाळा सुटलेल्या मुलांना शिकवायला गावात जाऊन राहिला. हातांनी काम करत शिकायचं, हे त्यांचं सूत्र. मुलं वेल्डिंग करतात, शेती करतात, लोखंडी कांड्यांचे घुमट उभारतात. अशा साध्या घुमटाला दोनच लांबीच्या कांड्या पुरतात, फक्त भूमितीचा हिशेब चोख हवा. एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांनी 'जवळजवळ काहीही बनवा' अशा अर्थाचा अभ्यासक्रम १९९८ मध्ये काढला, आणि त्यातून फॅब लॅबची कल्पना पुढे आली. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये पाबळला आली. का? तिथे यंत्र येण्याआधीच काम होतं आणि हात तयार होते. डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले, काम चालू आहे.

याच्या उलट चित्रही मी पाहिलं आहे. एका महाविद्यालयात थ्री-डी प्रिंटर काचेच्या कपाटात कुलुपात ठेवला होता. तपासणी समिती आली की हार घालून बाहेर काढत!

म्हणून फोन करणाऱ्या आई-वडिलांना माझं उत्तर असं. चित्र काढायचं काम यंत्र करील, करू द्या. पण चित्रातली भिंत उभी राहील का, पावसात टिकेल का, आपल्या गवंड्याला बांधता येईल का, हे ज्याला कळतं त्याला काम कमी पडणार नाही. मुलीला अवश्य पाठवा. फक्त कॉलेज निवडताना संगणक किती आहेत हे विचारू नका. कार्यशाळा रोज किती वाजेपर्यंत उघडी असते आणि तिथे सुतार शिकवतो का, हे विचारा. मुलं लहान असतील तर शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का ते बघा. २०१६ पासूनच्या या योजनेत देशभर दहा हजार शाळांमध्ये सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अशा लॅब झाल्या आहेत. तिचं कुलूप उघडतं का, हेही बघा!

शेवटी मंडळाला एक विनंती. पुढच्या वर्षीचं मखर मुलांना करू द्या. माळ लोंबती टांगून तिचा फोटो काढायचा, उलटा करायचा, आणि त्या बाकाच्या कमानी जाड पुठ्ठ्यातून कापायच्या. पहिली कमान कात्रीनं, हातानं. ती उभी राहिली की बाकीच्या लेसरवर. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घालायचा, म्हणजे विसर्जनानंतर घडी करून ठेवता येईल आणि पुढच्या वर्षी पुन्हा जोडता येईल. कापायची सोय मी करते. सुतारमामांनाही घेऊन येईन. रविवार तेवढे तुम्ही ठरवा.

प्रसादाचा वास येतोय, तेव्हा थांबते.

गणपती बाप्पा मोरया!