मुलींच्या हातातला चेंडू

2 नोव्हेंबर 2025 ला नवी मुंबईच्या मैदानावर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघात सांगलीत वाढलेली स्मृती मानधना होती. तेव्हापासून पोरी बॅट-बॉल मागायला लागल्यात. काही गटांनी बचतीतून थोडे पैसे काढायचंही ठरवलं. म्हणून आज आम्ही बोलणार आहोत चेंडूबद्दल.

तुम्ही म्हणाल, चेंडूत काय बघायचं? गोल तर असतो! पण बायांनो, आपण वांगी घेताना दाबून बघतो, माठ घेताना वाजवून बघतो. मग पोरींचा चेंडू न पारखता का घ्यायचा? बहुतेक ठिकाणी पोरांनी वापरून टाकलेला चेंडू पोरींकडे येतो. तो जड असतो नाहीतर फाटलेला असतो. एकीचं बोट सुजतं, दुसरीला झेल जमत नाही, आणि घरात लगेच ऐकू येतं, "हा काय मुलींचा खेळ आहे का?" दोष चेंडूचा असतो, खेळ मात्र पोरीचा बंद होतो.

पहिली पारख वजनाची. लंडनचा मेरिलबोन क्रिकेट क्लब क्रिकेटचे नियम ठरवतो. त्या नियमांत पुरुषांचा कातडी चेंडू साधारण 156 ते 163 ग्रॅमचा, बायकांचा 140 ते 151 ग्रॅमचा आणि तेरा वर्षांखालच्या मुलामुलींचा त्याहून हलका, 133 ते 144 ग्रॅमचा सांगितलाय. म्हणजे लहान हाताला हलका चेंडू देणं ही सवलत नाही, तो नियमच आहे. किराणा दुकानातल्या काट्यावर चेंडू ठेवा, एका मिनिटाचं काम. दुकानदार म्हणाला, "सगळे सारखेच असतात," तर म्हणा, "मग ठेवा की काट्यावर."

पण पॅड, हातमोजे आणि हेल्मेट नसेल तर कातडी चेंडू आणूच नका. टेनिसच्या चेंडूने सुरुवात करा. तो 56 ते 59 ग्रॅमच्या आसपास असतो. दुकानात 'हार्ड टेनिस' म्हणून मिळतो तो याहून जड असतो. तो मोठ्या मुलींसाठी ठेवा.

दुसरी पारख उसळीची. टेनिसचा नियम असा, की 254 सेंटीमीटरवरून कडक जमिनीवर सोडलेला चेंडू 135 ते 147 सेंटीमीटर वर यायला हवा. म्हणजे निम्म्याहून थोडा जास्त. घरी भिंतीवर खडूने खूण करा, त्या उंचीवरून सिमेंटच्या फरशीवर चेंडू नुसता सोडा, फेकू नका. कुठपर्यंत येतो ते दुसरीने बघायचं. असं पाच वेळा करा. दर वेळी उसळी वेगळी आली, तर चेंडू आतून बिघडलाय किंवा शिवण उसवली आहे. हार्ड टेनिस मुळातच कमी उसळतो, त्याला हे माप लावू नका. त्याची तुलना त्याच्याच जोडीच्या चेंडूशी करा.

तिसरी पारख, लांब किती जातो आणि ताब्यात किती राहतो. इथे गोल्फवाल्यांकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. त्यांचा चेंडू 45.93 ग्रॅमपेक्षा जड चालत नाही, आणि त्याच्या अंगभर छोटे खळगे असतात. पूर्वी तो गुळगुळीत असायचा. खेळणाऱ्यांच्या लक्षात आलं, की मार खाऊन ओरखडे पडलेला जुना चेंडू नव्यापेक्षा चांगला उडतो. म्हणून मग नव्या चेंडूवरच खुणा पाडायला लागले. आजही ते चेंडू निवडताना दोन्ही बघतात, लांब जाणं आणि हवा तिथे थांबणं. नुसतं लांब गेला म्हणजे चांगला, असं नाही.

आपणही तसंच करू. एकाच मुलीला दोन-तीन जातींचे चेंडू आलटून पालटून फेकायला द्या. एकाच जातीचे सगळे आधी फेकले तर हात दमतो आणि शेवटच्या चेंडूवर अन्याय होतो. अंतर पावलांनी मोजा. मग वीस पावलांवर एक घमेलं ठेवा आणि कुठला चेंडू त्याच्या जवळ पडतो ते बघा. शेवटी मुलींना विचारा, झेलताना हात झोंबतो का?

चौथी पारख दिसण्याची, आणि आमच्या मते हीच सगळ्यात मोठी. पोरांचा खेळ चार वाजता सुरू होतो. पोरी पाणी भरून, धाकट्यांना सांभाळून येतात तोवर दिवस कलतो. तांबड्या मातीत लाल चेंडू हरवतो. टेनिसचा चेंडूसुद्धा आधी पांढरा असायचा. टीव्हीवर नीट दिसावा म्हणून 1972 मध्ये नियमात पिवळा आला, विम्बल्डनने तो 1986 मध्ये घेतला. दिव्यांच्या उजेडातल्या कसोटीसाठी गुलाबी चेंडू आहे. त्याच चेंडूवर 2021 मध्ये स्मृतीने ऑस्ट्रेलियात 127 धावा काढल्या. म्हणून दिवेलागणीला बघा. एकीने बावीस यार्डांवर, म्हणजे वीस मीटरवर उभं राहायचं, दुसरीने चेंडू सरपटत सोडायचा. दिसला की "दिसला" म्हणायचं. आपल्या मैदानाच्या मातीवर जो आधी दिसतो, तो आपला. आणि दिसेनासा झाला की खेळ थांबवायचा, डोळ्याला लागण्याआधी.

हे सगळं करायला मोठा खर्च नाही. घाऊक घेण्याआधी प्रत्येक जातीचा एकेकच चेंडू आणा. वजनकाटा, खडू, घमेलं आणि संध्याकाळचा एक तास, बस्स. गटाच्या वहीत लिहून ठेवा कुठला टिकला, कुठला फाटला. आणि पारख मुलींच्याच हातून करून घ्या. ज्या पोरीने चेंडू तोलून, मोजून निवडला, तिला "तुला काय कळतं त्यातलं" असं सहजासहजी कोणी म्हणू शकणार नाही.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, मैत्रिणींनो.