पावती फाडण्याआधी



ग्रंथालयांच्या भवितव्यावर मी आज बोलणार नाही. त्यावर चर्चासत्रं आहेत. मला एवढंच विचारायचं आहे, की आपल्या ग्रंथपालांच्या संघात नवी माणसं का येत नाहीत?

कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय निघतो आणि ‘सभासदवाढ मोहीम राबवावी’ या ठरावाने संपतो. मोहीम म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांत पावतीपुस्तकं वाटायची. वर्षअखेरीला त्यातली बरीच कोरीच परत येतात. मग आपण तरुणांना नावं ठेवायला मोकळे : यांना व्यवसायाची आस्था नाही, यांना सगळं मोबाइलवर हवं. हे मला पटत नाही. खिशातून पैसे काढणारा माणूस ‘यातून मला काय मिळणार?’ असं विचारणारच. आस्थेचा प्रश्न नंतरचा.

आधी आपली यादी बघा. आपले बहुतेक सभासद आजीव. सुरुवातीच्या काळात ती सोय योग्यच होती : एकरकमी पैसे आले, मुदत ठेवीत गेले, व्याजावर अंक निघाला. पण दर वर्षी वर्गणी भरणारा माणूस दर वर्षी आपला हिशेबही मागतो. तो धाक आपल्याला उरला नाही. अंक टपालातून परत येतात, कुणाचा पत्ता बदललेला, कुणी हयात नाही. दाखल नोंदवहीत एक आकडा चुकला तर रात्री झोप न लागणारी आपण माणसं. स्वतःच्या सभासदांची साठा पडताळणी आपण शेवटची केव्हा केली?

आता नव्या माणसाकडे वळू. गणिताच्या प्राध्यापकाला शेजारच्या टेबलावर दुसरा गणितवाला भेटतो. तालुक्याच्या कॉलेजातल्या ग्रंथपालाला अख्ख्या इमारतीत आपल्या विषयाचं कुणी नसतं. अशाच एका बाईंच्या पहिल्याच साठा पडताळणीत पुस्तकं कमी भरली. बरीचशी त्या रुजू होण्याच्या आधीच गेलेली. कार्यालयातून तोंडी निरोप आला : वसुली तुमच्या पगारातून. बाई घाबरल्या. त्यांची गाठ आपल्या एका निवृत्त सहकाऱ्यांशी पडली. त्यांनी फोनवरच केंद्र सरकारच्या 2017च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम 215 सांगितला. वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाचांची तूट वाजवी धरता येते, मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसावी. हजार रुपयांवरचं पुस्तक किंवा दुर्मीळ ग्रंथ गेला, तर चौकशी व्हायलाच हवी. हा नियम केंद्र सरकारच्या कार्यालयांचा. आपल्या कॉलेजांना तो आपोआप लागू होत नाही, पण टिपण लिहिताना बोट ठेवायला जागा मिळते. ते टिपण कसं लिहायचं, जावक क्रमांक टाकून पोच कशी घ्यायची, तेही सहकाऱ्यांनी सांगितलं. प्रकरण अजून मिटलेलं नाही. बाईंनी मात्र वर्गणी आपणहून पाठवली, सोबत दोन मैत्रिणींचीही. त्यांच्यापर्यंत पावतीपुस्तक कधी पोचलंच नव्हतं.

मद्रास ग्रंथालय संघाची आठवण इथे होते. 1928 साली तो स्थापन झाला, रंगनाथन त्याचे चिटणीस. हे गृहस्थ मूळचे गणिताचे, 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले. या संघाने 1929 मध्ये प्रशिक्षणाचा वर्ग काढला. पुढे तो विद्यापीठाने चालवायला घेतला. आपण परीक्षेसाठी पाठ केलेले त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत 1931 मध्ये पुस्तकरूपाने आले, तेही याच संघाचं प्रकाशन. 1948 मध्ये मद्रास प्रांताचा ग्रंथालय कायदा झाला. (कोल्हापूर संस्थानाने असा कायदा 1945 मध्येच केला होता, हे आपण फारसं सांगत नाही, सांगायला हवं.) शिकायला मिळतं म्हणून माणसं अशा संघाशी जोडली जातात.

आता संघाच्या घटनेकडे येतो. आपल्या घटनेप्रमाणे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीधरालाच पूर्ण सभासदत्व. महाराष्ट्रात 1967च्या कायद्याखाली गावोगाव सार्वजनिक ग्रंथालयं उभी राहिली. ती चालवणारी माणसं प्रमाणपत्र परीक्षा देऊन, तुटपुंज्या पगारावर, अनुदानाच्या हप्त्याची वाट बघत देवघेवीच्या टेबलाशी बसलेली आहेत. ती आपल्या लेखी ‘सहयोगी’. अधिवेशनाला यावं, मत देऊ नये. त्यांना पूर्ण सभासद केलं तर व्यवसायाची प्रतिष्ठा घसरेल असं काही ज्येष्ठांना वाटतं. कॉलेजातल्या ग्रंथपालाची वेतनश्रेणी मोठी, गावातल्या कर्मचाऱ्याचा वाचकाशी संबंध मोठा; यात प्रतिष्ठा कुणाची घसरते, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. वर्गणी पगाराप्रमाणे कमी-जास्त ठेवा. फुकट मात्र नको. फुकटच्या सभासदाला तक्रार करायचाही संकोच वाटतो, आणि आपल्याला त्याची तक्रार हवी आहे.

नव्या सभासदाला पहिल्या महिन्यात काम द्या. काम म्हणजे सतरंज्या उचलणं आणि पाहुण्यांसाठी पुष्पगुच्छ धरणं नव्हे. जिल्ह्यातल्या प्रमाणपत्र वर्गात एक तास शिकवायला द्या, अंकातलं एक पान सांभाळायला द्या, कोहा ही संगणक प्रणाली बसवताना अडलेल्या ग्रंथालयात पाठवा. त्याच्याकडून चुका होतील, आपल्याकडून झाल्या तशाच.

घटनादुरुस्तीचा ठराव उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे आहे, मसुदा तुमच्या फायलीत आहे. वाचून या. विरोध असेल तर जरूर करा. दुरुस्ती सुचवायची असेल तर तेवढी लेखी द्या, तोंडी सूचनांनी इतिवृत्त लिहिणाऱ्याचे हाल होतात.