कॅम्पेन मध्यावर अडते तेव्हा

दीर्घ फँटसी कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांतून (सेशनमधून) चालणारा भूमिकाखेळ, सहसा सुरुवातीला अडत नाही आणि शेवटाशीही अडत नाही. ती मध्यावर अडते. पहिल्या काही सेशनमध्ये जग नवे असते, पात्रे नवी असतात, खानावळीत भेटलेला अनोळखी म्हातारासुद्धा कुतूहल जागवतो. शेवट दिसू लागला की खलनायकाशी पडणारी गाठ सगळ्यांना पुढे ओढते. मधल्या लांबलचक पट्ट्यात मात्र रविवारी खेळ आणि शनिवारी रात्री कोरी वही अशी खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरची, म्हणजे डीएमची, अवस्था होते. हा खेळ चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकावर ही वेळ येते आणि खापर कल्पनाशक्तीवर फोडले जाते. बहुतेकदा त्यात कल्पनाशक्तीचा दोष नसतो.

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा या प्रकारातला पहिला छापील खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. पहिली आवृत्ती १००० प्रतींची होती. नियम पुष्कळ बदलले, मांडणी मात्र तीच राहिली. चार-पाच खेळाडू एकेक पात्र सांभाळतात: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. उरलेले सगळे जग, म्हणजे राजे, राक्षस, हवामान, बाजारभाव आणि देवांचे रुसवे, एकट्या डंजन मास्टरकडे असते. निकालाची खात्री नसेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकला जातो. जिंकले-हरले ठरवणारी शेवटची शिट्टी इथे वाजत नाही, त्यामुळे तेच पात्र वर्षानुवर्षे खेळता येते. कॅनडातल्या एका इतिहासाच्या प्राध्यापकाने १९८२ मध्ये सुरू केलेला खेळ चाळीस वर्षांनंतरही चालू होता.

अडण्याचे मूळ या श्रमविभागणीत आहे. कादंबरीकारही एकटाच लिहितो, पण त्याला मागचे प्रकरण फाडून टाकता येते. डीएमला ती मुभा नाही. राणीला मूल नाही, असे मागच्या महिन्यात घाईत बोलून गेलेले वाक्य पाच जणांनी ऐकले की त्या जगाचा इतिहास होते. शिवाय खेळाडू ठरल्या वाटेने जात नाहीत. संमेलनासाठी एकांकिका बसवणाऱ्याच्या हाती संहिता असते. त्याचा नायक तिसऱ्या प्रवेशात खलनायकाला जाऊन मिळेल ही धास्ती त्याला नसते. डीएमला ती दर आठवड्याला असते. पन्नासाव्या सेशनपर्यंत अर्धवट सुटलेले धागे, दिलेली आणि विसरलेली वचने, नाव न आठवणारे सरदार यांचा ढीग साचतो. या साऱ्याशी सुसंगत आणि तरीही नवे असे काही सुचायला हवे, या दडपणाखाली सुचणे थांबते. कल्पनांचा दुष्काळ वाटतो ती खरे तर गर्दी असते.

या गर्दीत सर्वात मोठी भर घालते ती कथानक आगाऊ लिहून ठेवण्याची सवय. समजा, खाडीकाठी एक बंदर आहे. तिथल्या सरदाराला ते बंद पाडायचे आहे, कारण त्याचा जकातनाका डोंगरवाटेवर आहे. बंदरातल्या सावकारीणबाईची सगळी गलबते कर्जात आहेत. आणि पाण्याखाली गेलेल्या जुन्या देवळातून रात्री घंटा ऐकू येऊ लागली आहे. कथानक लिहिणारा डीएम योजतो की खेळाडू देवळात उतरतील, तिथे सरदाराची मुद्रा सापडेल, मग दरबारात कट उघडकीला येईल. प्रत्यक्षात खेळाडू देवळाचा नकाशा सावकारीणबाईला विकतात आणि त्या पैशात गलबत घेऊन भलत्याच बेटाकडे निघतात. दोन आठवड्यांची तयारी पाण्यात जाते. मग डीएम वारा उलटा फिरवतो, खाडीच्या तोंडाशी राक्षस उभा करतो, खेळाडूंना देवळाकडे ढकलत राहतो. खेळणारे याला रेलरोडिंग म्हणतात, आणि ते त्यांच्या लगेच लक्षात येते. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की वही उघडणेच नकोसे होते.

अमेरिकन लेखक जस्टिन अलेक्झांडर यांनी यावर सातत्याने एकच आग्रह धरला आहे: कथानक नव्हे, परिस्थिती तयार करावी. कोणाला काय हवे आहे, त्यासाठी त्याच्याकडे कोणती साधने आहेत आणि खेळाडूंनी मध्ये हात घातलाच नाही तर काय घडेल, एवढे लिहिले की तयारी पुरते. तळकोकणातल्या आणि गोव्यातल्या दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते; आख्यान ठरते, कोण कोणाचा वैरी ते ठरते आणि संवाद रंगमंचावर जुळतात. डीएमची तयारी याच जातीची असावी लागते. मग खेळाडू बेटाकडे गेले तरी बिघडत नाही. ते परततात तेव्हा सरदाराने बंदराच्या तोंडाशी साखळी ओढलेली असते, सावकारीणबाईने विकत घेतलेल्या नकाशावरून देवळात माणसे उतरवलेली असतात आणि त्यांतला एकही वर आलेला नसतो. यातले काहीही डीएमला नव्याने सुचावे लागले नाही. ते आधीच्या चार ओळींतून आपोआप निघाले.

ही रीत नंतरच्या खेळांनी नियमांतच बसवली. डंजन वर्ल्ड या २०१२ च्या खेळात प्रत्येक संकटाची अशुभ चिन्हे क्रमाने लिहून ठेवायची असतात. आधी घंटा, मग मेलेले मासे, मग गायब होणारे कोळी. जॉन हार्पर यांच्या ब्लेड्स इन द डार्क या २०१७ च्या खेळात घड्याळाची युक्ती आहे: एक वर्तुळ काढायचे, त्याचे चार, सहा किंवा आठ भाग करायचे आणि संकट पुढे सरकेल तसा एकेक भाग रंगवायचा. कोऱ्या वहीपुढे बसलेल्या माणसाला हे वर्तुळ फार उपयोगी पडते. आज काय लिहू, या प्रश्नाच्या जागी कोणते घड्याळ पुढे सरकले असेल, हा प्रश्न येतो आणि त्याला उत्तर असते.

दुसरा उपाय मागे पाहण्याचा आहे. जुन्या सेशनची टिपणे वाचली की न वापरलेला माल सापडतो: बाराव्या सेशनमध्ये जिवंत सोडलेला दरोडेखोर, कोणी विचारपूस न केलेली अंगठी, एका पात्राने आईला लिहिलेले आणि कधीच न पोहोचलेले पत्र. जुना माणूस नव्या जागी भेटला की खेळाडूंचे डोळे जसे चमकतात तसे नव्या, अधिक भव्य राक्षसाने चमकत नाहीत. मायकल शे यांनी २०१८ च्या आपल्या पुस्तकात तयारीची जी पद्धत दिली आहे तिची पहिली पायरी पात्रांची उजळणी ही आहे. राक्षस आणि खजिना बरेच नंतर येतात. त्याच पद्धतीत दर सेशनला दहा गुपिते लिहायची असतात, पण ती कोठे सापडतील हे ठरवायचे नसते. सरदार कर्जबाजारी आहे, हे खेळाडूंना दरबारात कळेल, दारूच्या गुत्त्यावर कळेल किंवा मेलेल्या दूताच्या खिशात. जागा मोकळी ठेवल्यामुळे तयारी वाया जात नाही.

खेळाडूंचे तर्कही याच खात्यात जमा करावेत. टेबलावर कोणीतरी म्हणतो, हा पुजारी नक्की सरदाराचा भाऊ असणार. डीएमने तसे ठरवलेले नसते, पण तर्क मूळ बेतापेक्षा सरस असेल तर तो मान्य करण्यात कमीपणा नाही. व्हिन्सेंट बेकर आणि मेग्वी बेकर यांच्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या २०१० च्या खेळाने ही गोष्ट तत्त्व म्हणूनच मांडली: पुढे काय होते ते खेळून पाहायचे, डीएमनेसुद्धा. त्या खेळात चालवणारा खेळाडूंना थेट विचारतो की या वस्तीत तुझे कोणाशी वैर आहे. उत्तर देणाऱ्याची त्या वस्तीत आपोआप गुंतवणूक होते आणि चालवणाऱ्याच्या डोक्यावरचा एक भार उतरतो.

सर्वात स्वस्त उपाय मात्र एका वाक्याचा आहे. सेशन संपताना खेळाडूंना विचारावे, पुढच्या वेळी कुठे जायचे? बेन रॉबिन्स यांनी वेस्ट मार्चेस या आपल्या कॅम्पेनची सगळी रचनाच यावर उभी केली होती. तिथे ठरलेला दिवस नव्हता आणि ठरलेला गटही नव्हता. खेळाडू आपसांत जमवून कुठे जायचे ते आधी कळवत आणि तेवढीच जागा तयार केली जाई. परीक्षा, लेक्चर आणि गावी जाणे यांतून वेळ काढणाऱ्या कॉलेजातल्या गटांना ही रचना विशेष सोयीची पडते, कारण दोन जण आले नाहीत म्हणून खेळ रद्द होत नाही.

कधी कधी मात्र गर्दी नसते, विहीर खरोखरच आटलेली असते. गायगॅक्स यांच्या १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये यावर दोन परिशिष्टे आहेत. एकात फासे टाकून भुयार बनवण्याचे तक्ते आहेत: दार कुठे, जिना कुठे, खोलीत काय. असा तक्ता स्वतः काही निर्माण करत नाही, पण दोन असंबद्ध गोष्टी शेजारी आणून ठेवतो आणि त्यांचा संबंध लावायला मन धावते. दुसरे परिशिष्ट वाचनाच्या यादीचे आहे. तिच्यात टोल्किन, रॉबर्ट हॉवर्ड, जॅक व्हान्स, फ्रिट्झ लायबर अशी नावे आहेत. ही यादी आज पुरेशी नाही, आणि फक्त फँटसीच वाचणाऱ्याचे जग लवकर इतरांच्या जगासारखे दिसू लागते. मराठी डीएमने जुनी जिल्हा गॅझेटिअर उघडून पाहावीत. किल्ले, घाटवाटा, जत्रा, पिके, वजने-मापे, बंदरातला व्यापार हे सारे त्यांत तपशिलाने आहे, आणि कोणत्याही तयार फँटसी पुस्तकात इतके खरे वाटणारे साहित्य क्वचितच सापडेल.

विश्रांतीची गरजही नाकारण्यासारखी नाही. ग्रॅहम वॉलास यांनी १९२६ च्या आर्ट ऑफ थॉट या पुस्तकात नवे सुचण्याच्या प्रक्रियेत तयारीनंतर प्रश्न बाजूला ठेवण्याचा एक स्वतंत्र टप्पा मानला होता. कॅम्पेनमध्ये तो टप्पा आणण्यासाठी गट मोडावा लागत नाही. एखाद्या खेळाडूने दोन-तीन आठवडे एकाच सेशनमध्ये संपणारे वन-शॉट चालवावे, वेगळे जग, वेगळा खेळ, आणि डीएमने खेळाडू म्हणून बसावे. गायगॅक्स यांनीसुद्धा आपल्या ग्रेहॉक कॅम्पेनमध्ये रॉब कुंट्झ या खेळाडूला सहचालक करून घेतले होते. क्रिटिकल रोल या लोकप्रिय कार्यक्रमाच्या पहिल्या तीन मोठ्या कॅम्पेन मॅथ्यू मर्सर यांनी चालवल्या. २०२५ मध्ये सुरू झालेल्या चौथीत डीएमच्या खुर्चीत ब्रेनन ली मलिगन बसले.

हे सगळे करूनही वही कोरीच राहिली तर एक शक्यता उरते: गोष्ट संपली आहे, फक्त कोणी तसे बोललेले नाही. मग गटाला स्पष्ट सांगावे आणि चार-पाच सेशन ठरवून शेवटाकडे जावे. सगळे धागे जुळवण्याचा हट्ट धरू नये. प्रत्येक पात्राचा एक धागा पुरा झाला तरी खेळाडू समाधानी असतात. जग मात्र टाकून देऊ नये. स्टीव्हन एरिक्सन आणि इयन एसलमाँट या मित्रांनी आपल्या खेळासाठी रचलेल्या जगातूनच पुढे मालाझान कादंबऱ्यांची मालिका उभी राहिली. इतके झाले नाही तरी पुढची कॅम्पेन त्याच जगात शंभर वर्षांनी सुरू करता येते. आधीची पात्रे तोवर दंतकथा झालेली असतात, त्यांनी जाळलेल्या बंदराच्या जागी नवे शहर असते आणि पहिल्या सेशनची निम्मी तयारी डीएमला आयतीच मिळते.