जोडसायकल : पुढे मी, मागे हे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मंडळाच्या वाढदिवसाला दरवर्षी कोणी डॉक्टरीणबाई, कोणी प्राध्यापिका बोलतात. यंदा सेक्रेटरीबाईंनी माझे नाव सुचवले तेव्हा मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. पुरणपोळ्या सांगा, दोनशे करून देते. भाषण नको." त्यावर त्या म्हणाल्या, "रोज सकाळी नवऱ्याला मागे बसवून हरिपूरला जाता, सगळी गल्ली खिडकीतून बघते. विचारायचे सगळ्यांच्या मनात आहे, पण विचारत कोणी नाही. तेच सांगा." तेव्हा आज जे विचारायचे राहिले आहे त्याचीच उत्तरे देते.

पहिला प्रश्न पोरांनी तोंडावर विचारला आणि मोठ्यांनी पाठीमागे. बाई पुढे आणि पुरुष मागे, हे कसे? उत्तर अगदी साधे आहे. पुढे बसणाऱ्याला दिसावे लागते, आणि ह्यांना दिसत नाही.

ह्यांना काचबिंदू आहे. मोतीबिंदू नव्हे, तो शस्त्रक्रियेने दूर करता येतो. काचबिंदूत बहुधा डोळ्यातला दाब वाढतो आणि मेंदूकडे जाणारी शीर हळूहळू मरत जाते. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळतही नाही. आधी कडेची नजर जाते. ताटाच्या बाजूला ठेवलेली वाटी ह्यांना सापडेना, उघड्या दाराची फळी दोनदा कपाळाला लागली, तेव्हा आम्ही डोळे दाखवायला गेलो. तोवर दोन्ही डोळ्यांची कड गेली होती. नळीतून बघावे तसे समोरचे तेवढे दिसते. वर्तमानपत्र वाचतात, म्हणून लोकांना वाटते की हे सोंग करतात! पण डावीकडून रिक्षा आली तर ती अंगावर येईपर्यंत ह्यांच्या लेखी रस्ता मोकळाच असतो. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून राहिलेली राखायची, एवढेच हातात. हा आजार घराण्यातून येतो, म्हणून दिरांना आणि मुलांनाही तपासून घेतले. तुम्हीही चाळिशीचा चष्मा करायला जाल तेव्हा डोळ्यातला दाब मोजून घ्या आणि आतली शीरही तपासायला सांगा. माझ्या विषयात हे बसत नाही, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

हे फिटर. कुपवाडच्या एमआयडीसीत वीस-बावीस वर्षे सायकलने गेलेला माणूस. यंत्रावरचे काम थांबले, पुढे नोकरीही थांबली. मग मोटारसायकल विकली. आणि बावन्नाव्या वर्षी हे सोप्यात खुर्ची टाकून बसायला लागले. मी पोळ्यांच्या ऑर्डरी घेते, त्यात घर चालते. त्याचे मला काही वाटत नव्हते. वाटत होते ते त्या खुर्चीचे. फिरायला चला म्हटले तर नको. कारण फिरायला जायचे म्हणजे माझा हात धरायचा, आणि भर बाजारात बायकोचा हात धरून चालायचे म्हणजे ह्यांना मेल्याहून मेल्यासारखे. सासूबाई म्हणायच्या, "अगं, त्याला काठी तरी दे." काठीचे नाव काढले की दोन दिवस अबोला.

जोडसायकलीची कल्पना आमच्या मुलाची. तो पुण्याला असतो. सुट्टीला आला तेव्हा त्याने बापाला दिव्यांशू गणात्रा यांची हकीकत वाचून दाखवली. हे गृहस्थ पुण्याचे. काचबिंदूनेच त्यांची दृष्टी एकोणिसाव्या वर्षी पूर्ण गेली. २०१६ साली त्यांच्या संस्थेने जोडसायकलींची मोहीम काढली, मनालीहून थेट लडाखातल्या खारदुंगला खिंडीपर्यंत. एकाच सायकलीवर एक डोळस आणि एक अंध, असे मिळून. हे ऐकत होते, बोलले काहीच नाहीत. रात्री मात्र मला विचारले, "मागच्याला ब्रेक असतो का गं?" तेव्हाच मी ओळखले की पाणी मुरले.

मागच्याला ब्रेक नसतो. म्हणजे आमच्या सायकलीला तरी नाही. हँडलसारखी दांडी असते, पण ती हलत नाही, नुसती धरायला. हेच तर सगळे अवघड आहे.

सायकल मिळाली तीही पुण्यातच, कोणाच्या तरी गॅलरीत टांगून ठेवलेली. भिशीचे बारा हजार माझ्या हातात होते, ते दिले. टेंपोतून आली तेव्हा गल्ली जमली. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि म्हणाल्या, "ही सायकल आहे की शिडी?"

आता ती चालते कशी ते सांगते, कारण बहुतेकांना वाटते की मागचा नुसता बसलेला असतो. तसे नाही. पायडलच्या दोन जोड्या असतात. डाव्या बाजूला एक लांब चेन पुढच्या पायडलपासून मागच्या पायडलपर्यंत जाते, आणि उजवीकडची दुसरी चेन मागचे चाक फिरवते. त्यामुळे चौघे पाय एकदमच फिरतात. मी पाय थांबवले की ह्यांचे थांबतात. ह्यांना पोटरी खाजवायची झाली तरी आधी मला सांगावे लागते! निघताना मी दोन पायांत सायकल धरून उभी राहते, दोन्ही ब्रेक दाबते. मग हे मागे चढतात, दोन्ही पाय पायडलवर ठेवतात आणि उजवे पायडल वर आणून देतात. "एक, दोन, तीन" म्हणून एकदम जोर. थांबताना मी "थांबते" म्हणते आणि माझा डावा पाय टेकते. ह्यांनी पाय काढायचा नाही. दोघांनी दोन बाजूंना पाय टेकले तर सायकल कोणाचेच ऐकत नाही.

जाणकार सांगतात की पुढचा माणूस वजनाने भारी असावा, म्हणजे तोल सांभाळणे सोपे जाते. आमचे नेमके उलटे. म्हणून पहिला महिना आम्ही रस्त्यावर गेलोच नाही. कृष्णेकाठच्या मोकळ्या मैदानात पहाटे फिरवली. पडलो तीनदा, पण उभ्या-उभ्या, म्हणजे सायकल आडवी आणि आम्ही तिच्या शेजारी. सायकल मला लहानपणापासून येते. भावाच्या उंच सायकलीच्या नळीखालून पाय घालून मी शिकले होते. पण गावात शाळा सातवीपर्यंत, आठवीला दुसऱ्या गावी जावे लागे. मुलीने सायकलवरून एवढे लांब जायचे नाही म्हणून शाळा सुटली, आणि सायकलही. तीस वर्षांनी हँडल हातात आले.

सगळ्यात अवघड गेले ते तोल सांभाळणे नव्हे, बोलणे. पंचवीस वर्षांच्या संसारात आमचे बोलणे म्हणजे "भाजी काय आणू", "लाइटबिल भरले का". जोडसायकलीवर तोंड मिटून चालत नाही. मागच्याला पुढच्याच्या पाठीपलीकडचे दिसत नाही, मग तो डोळस असो की नसो. खड्ड्याचा दणका मात्र त्यालाच जास्त, कारण तो मागच्या चाकाजवळ बसलेला. म्हणून "खड्डा", "गतिरोधक", "वळते", "गिअर बदलते" असे सारखे ओरडत राहावे लागते. आणि ते त्याने ऐकायचे असते. उलटसुलट प्रश्न न विचारता! पहिल्या दिवसांत मी "वळते" म्हटले की हे मागून "कुठे? का? तिकडे कशाला?" करीत आणि अंग दुसऱ्या बाजूला झुकवीत. एके दिवशी मी सायकल थांबवली आणि म्हटले, "अहो, कारखान्यात क्रेनवाल्याला खालून इशारा केल्यावर तो का म्हणून विचारायचा का?" ते पटले. तेव्हापासून मी म्हणते "वळते" आणि हे म्हणतात "हं". बस्स.

ह्यांच्या पायांत जोर माझ्या दुप्पट आहे. मी बघते, हे ओढतात. हरिपूरच्या रस्त्याला वाऱ्याविरुद्ध मी एकटी असते तर उतरून चालले असते. सपाटीला ही सायकल साध्या सायकलीपेक्षा सहज पळते, कारण वजन दोघांचे असले तरी वारा बराचसा पुढच्यालाच लागतो. चढाला मात्र जड जाते, आणि उताराला इतकी सुटते की ब्रेक आधीपासून थोडा-थोडा धरावा. ब्रेकचे रबर लवकर झिजते, टायरमध्ये हवा कडक ठेवावी लागते. वळायला जागा मोठी लागते. आमच्या बोळात ती वळत नाही, दोघांनी उतरून ढकलत न्यावी लागते. बाजारात, शाळा सुटण्याच्या वेळी, किंवा पावसात आम्ही काढत नाही. दिवस उगवल्यावर निघायचे आणि वर्दळ वाढायच्या आत घरी. डोक्याला दोघांनाही हेल्मेट. साडी नको, सलवार तीही घोळदार नको, ओढणी कमरेला बांधावी. चेनमध्ये ओढणी गेली तर काय होते ते सांगायला नको.

दुसरे एक. उतारवयात नवरा-बायकोने दोन सायकली घेतल्या की एकजण पुढे जातो आणि दुसरा दमून मागे राहतो. मग पुढचा वाट बघत चिडतो, मागचा पोचेपर्यंत रडकुंडीला येतो. जोडसायकलीवर हे भांडणच नाही. जोर कोणाचा किती का असेना, दोघे एकदमच पोचतात. डोळे चांगले असलेल्या जोडप्यांनीही म्हणून विचार करावा. फक्त आधी डॉक्टरांना गुडघे, रक्तदाब आणि छाती दाखवून. आणि हेही सांगते, सायकल चालवून काचबिंदू बरा होत नाही. ह्यांचे थेंब वेळेवर चालू आहेत, आणि ते घालण्याचे काम माझे.

लोक काय म्हणाले? म्हणाले ना. चहाच्या गाडीवरून एकाने हाक मारली, "काय वहिनी, दादांना मागं बसवलंय व्हय?" मी काही बोलायच्या आत हेच मागून म्हणाले, "व्हय, ड्रायव्हर ठेवलाय!" त्या दिवशी माझ्या मनावरचे मणभर ओझे उतरले. मुलाने मला सांगितले होते की अपंगांच्या पॅरालिम्पिक स्पर्धांत जोडसायकलीवर मागे अंध खेळाडू आणि पुढे डोळस सोबती असतो, त्याला पायलट म्हणतात. साध्या ऑलिंपिकमध्येही १९०८ साली आणि पुढे १९२० ते १९७२ पर्यंत जोडसायकलीची शर्यत होती. पुढे पुरुष, मागेही पुरुष. बायकांना तेव्हा सायकलीची एकही शर्यत नव्हती. हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "मग त्यांना पुढं-मागंचा वाद काय कळणार?"

आमचा रोजचा रस्ता हरिपूरचा, संगमेश्वरापर्यंत. कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात तिथवर. जाताना मी खड्डे सांगते आणि हे मला बाकीचे सांगतात. बागेतला गणपती आला हे ह्यांना घंटेवरून कळते, चिंचांची सावली अंगावरच्या गारव्यावरून, नदी वासावरून. "आज पाणी वाढलंय," हे मागून म्हणतात, आणि घाटावर जाऊन बघावे तर खरेच एक पायरी बुडालेली असते. घाटावर बसून थर्मासमधला चहा घेतो. पायऱ्या उतरताना हे माझ्या खांद्यावर हात ठेवतात. कोणी बघते का, हे आता विचारत नाहीत.

सोप्यातली खुर्ची अजून आहे. दुपारी त्यावर सासूबाई बसतात. हे गल्लीतल्या पोरांच्या सायकलींचे पंक्चर काढून देतात, हाताने चाचपून. पैसे घेत नाहीत, ते मी आता घ्यायला लावणार आहे.

सेक्रेटरीबाईंनी पंधरा मिनिटे दिली होती, ती झाली असावीत. कोणाला बसून बघायचे असेल तर रविवारी सकाळी साडेसहाला कृष्णेकाठच्या मैदानात या. पहिली फेरी मागे बसून, माझ्याबरोबर. ह्यांनी सांगितले आहे की पुरुष मंडळी आली तर त्यांना मागे कसे बसायचे ते हे स्वतः शिकवतील. चहा आम्ही आणू, कप आपापले आणावेत.