कंपासपेटी जरा बाजूला ठेव

(स्नेहसंमेलनात केलेलं भाषण)



"तू संगणकवाली आहेस, तर एआयवर काहीतरी बोल," असं मला समितीने सांगितलं होतं. मी हो म्हटलं, पण बोलणार आहे दुसऱ्याच विषयावर. समितीने रागावू नये. आपल्यापैकी बहुतेकांना माझी नोकरी नेमकी काय आहे ते माहीत नाही. माझ्या आईलाही नाही. ती शेजाऱ्यांना सांगते, "लोखंड शोधायचं काम करते, पण एसीत बसून." हे तसं खरंच आहे.

जमिनीखाली काय दडलंय याचा अंदाज घेण्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यातली एक सगळ्यात जुनी आणि स्वस्त, ती म्हणजे चुंबकीय सर्वेक्षण. सतराव्या शतकात स्वीडनमध्ये खाणवाले होकायंत्र घेऊन रानात फिरायचे. सुई जिथे वेडीवाकडी वागेल तिथे खाली लोहखनिज असण्याची शक्यता. आज होकायंत्राच्या जागी मॅग्नेटोमीटर आलाय, तत्त्व मात्र तेच आहे.

पृथ्वी स्वतः एक मोठं, पण दुबळं चुंबक आहे. आपल्या भागात तिच्या चुंबकीय क्षेत्राची ताकद सुमारे ४३ हजार नॅनोटेस्ला भरते. आकडा मोठा वाटतो, पण फ्रिजवर चिकटवायच्या चुंबकाजवळ याच्या शंभरपट ताकद असते. जमिनीखालच्या खडकात मॅग्नेटाइट हे खनिज असेल, तर वरच्या मापात थोडा फरक पडतो. कधी हजारो नॅनोटेस्लांचा, कधी जेमतेम वीस-तीसचा. हा फरक शोधायचा. सोनं, तांबं, क्रोमाइट थेट दिसत नाही. पण ती ज्या खडकांच्या संगतीने येतात, ते खडक पुष्कळदा दिसतात.

आता यंत्राबद्दल. प्रोटॉन मॅग्नेटोमीटरमध्ये एक बाटली असते, आणि तिच्यात केरोसिनसारखा हायड्रोजनने भरलेला द्रव. बाटलीभोवतीच्या तारेतून वीज सोडली की द्रवातले प्रोटॉन एका दिशेला तोंड करून उभे राहतात. वीज बंद केली की ते भोवऱ्यासारखे डुलायला लागतात. पृथ्वीचं क्षेत्र जितकं जोरदार, तितकं हे डुलणं जलद. आपल्याकडे सेकंदाला साधारण १८०० वेळा. ते मोजलं की क्षेत्र कळलं. ही बाटली एका उंच काठीला लावून माणूस आखलेल्या रेषेवरून चालतो. दर दहा मीटरवर थांबतो, माप घेतो, पुढे जातो. एक रेषा संपली की पन्नास मीटर सरकून दुसरी. शेतातून, नाल्यातून, काटेरी झुडपांतून.

चालणाऱ्या माणसाने अंगावर लोखंड ठेवायचं नाही. किल्ल्या, पट्ट्याचा बक्कल, मोबाईल, पोलादी टोकाचे बूट, सगळं काढून ठेवायचं. मी पहिल्यांदा फील्डवर गेले तेव्हा दर मापाला यंत्र काहीतरी भलतंच दाखवत होतं. सोबतचा मुलगा बराच वेळ संकोचून शेवटी म्हणाला, "मॅडम, केसातल्या पिना." सहा पिना निघाल्या. माझं डोकंच खनिज म्हणून नोंदलं जात होतं.

इथपर्यंतचं काम पायांचं. पुढचं माझं, म्हणजे प्रोग्रॅमचं. आलेले आकडे जसेच्या तसे नकाशावर मांडता येत नाहीत, कारण पृथ्वीचं क्षेत्र दिवसभर स्थिर नसतं. सूर्यामुळे वातावरणाच्या वरच्या थरात विजेचे प्रवाह वाहतात, आणि त्यामुळे खालचं माप सकाळपासून चढत जातं, साधारण अकराच्या सुमारास शिखर गाठतं आणि संध्याकाळपर्यंत उतरतं. हा चढउतार काही दशक नॅनोटेस्लांचा असतो. म्हणून एक दुसरं यंत्र एका जागी ठेवून देतात, ते दिवसभर नुसतं हा चढउतार नोंदवतं. त्याला बेस स्टेशन म्हणायचं. चालत्या यंत्राच्या मापातून बेसचा त्याच क्षणाचा चढउतार वजा केला की उरतं ते जमिनीचं. ही वजाबाकी करणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता.

आता थोडं आपल्या समुद्रापलीकडे जाऊ या. लहानपणी मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला जाताना मुंबई दिसायची, तिच्या दक्षिण टोकाला कुलाबा. त्या कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून हेच चुंबकीय क्षेत्र मोजत होते. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेने मापं बिघडणार, म्हणून डॉ. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४मध्ये हे काम अलिबागला नेलं. दोन्ही ठिकाणची मापं जुळावीत म्हणून १९०६पर्यंत दोन्हीकडे नोंदी चालू ठेवल्या. अलिबागच्या इमारतीसाठी पोरबंदरहून दगड आणला. आपल्याकडे दगडांचा काय तुटवडा होता? पण आपला काळा पाषाण, म्हणजे बसॉल्ट, स्वतःच चुंबकीय आहे. उरणचा डोंगर घ्या किंवा मोऱ्याच्या किनाऱ्यावरचे खडक, सगळीकडे लाव्हा थंड होताना सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं पृथ्वीचं क्षेत्र त्यात गोठून बसलंय. मोजणाऱ्या यंत्राच्या भिंतीच मापात ढवळाढवळ करणार, म्हणून भिंतींचा दगड बदलला. ही वेधशाळा चालवणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था आज नवीन पनवेलला आहे. आपल्यातले कितीतरी जण रोज कळंबोलीवरून जातात, पण तिकडे कधी वळले नसतील.

त्या कुलाब्याच्या वहीत २ सप्टेंबर १८५९ची एक नोंद आहे. त्या दिवशी सूर्यावरून आलेल्या चुंबकीय वादळाने क्षेत्र काही तासांत सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेलं. रोजचा चढउतार काही दशकांचा, आणि हा आकडा १६००. नोंद करणाऱ्याला वाटू शकलं असतं की यंत्र बिघडलं. त्याने आकडा लिहून ठेवला. २००३मध्ये शास्त्रज्ञांनी त्या वादळाचा अभ्यास केला तो याच नोंदीच्या आधारे.

आता माझी गोष्ट. ही मी आजवर घराबाहेर सांगितलेली नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी पूर्व विदर्भातल्या एका गावच्या शिवारात आमच्या कंपनीचं सर्वेक्षण झालं. आकडे माझ्याकडे आले, प्रोग्रॅममधून गेले आणि नकाशा तयार झाला. नकाशात एक सुंदर लांबट पट्टा उठून दिसत होता, आजूबाजूपेक्षा पन्नास-साठ नॅनोटेस्लांनी जास्त. सगळे खूश. अहवालावर आमच्या भूवैज्ञानिकांची सही झाली आणि पट्ट्याच्या मधोमध बोअर घ्यायचं ठरलं.

मीही गेले होते बघायला. धान निघालेलं होतं, पण धुऱ्यावर तूर उभी होती. ड्रिलिंगची गाडी आत न्यायला ती तूर आडवी झाली. नुकसानभरपाई दिली होती, रीतसर. शेतकरी काका रोज येऊन बांधावर बसायचे. "काय मॅडम, भेटलं काय काही?" मी म्हणायची, "अजून नाही काका." एकशेवीस मीटर खाली गेलो. वरपासून खालपर्यंत एकसारखा नाईस खडक. चुंबकीय म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं.

ऑफिसात चर्चा झाली. कुणी म्हणालं, उगम अजून खोल असेल. कुणी म्हणालं, बोअर जरा बाजूला पडलं असेल. दुसरं बोअर घ्यायचं ठरलं. भूवैज्ञानिकांवर प्रश्न येत होते, कारण सही त्यांची होती. प्रोग्रॅमवर कुणी प्रश्न विचारला नाही. प्रोग्रॅमला कोण विचारतं?

एक गोष्ट मात्र मला टोचत होती. तिथले खडक पूर्व-पश्चिम पसरलेले, आमच्या चालण्याच्या रेषा त्यांना आडव्या म्हणजे उत्तर-दक्षिण, आणि तो पट्टा नेमका आमच्या रेषांच्या दिशेने उत्तर-दक्षिण. जमिनीला आमच्या रेषा कशा माहीत? एका रात्री मुलीला झोपवून मी बेस स्टेशनची मूळ फाईल उघडली आणि चढउताराचा आलेख काढला. दुपारच्या शिखराची वेळ आली पहाटे साडेपाच.

बेसचं घड्याळ जीपीएसवर होतं, म्हणजे ग्रिनिचच्या वेळेवर. चालत्या यंत्राचं घड्याळ आपल्या वेळेवर. मध्ये साडेपाच तासांचा फरक. दोन्ही घड्याळं एकाच वेळेची आहेत असं माझ्या प्रोग्रॅमने गृहीत धरलं होतं. सकाळच्या मापातून दुपारचा चढ वजा होत होता आणि दुपारच्या मापातून जवळजवळ काहीच नाही. माणसं रोज उजाडताच सुरुवात करायची, फक्त दोन दिवस गाडी बिघडल्यामुळे उशीर झाला होता. त्या दोन दिवसांच्या रेषा म्हणजे तो पट्टा. तिथे जमिनीखाली काहीही नव्हतं. होती ती माझी चूक.

दुसरं बोअर तीन दिवसांवर होतं. खोटं बोलणार नाही, गप्प बसावं हा विचार माझ्या मनात आला. घराचे हप्ते चालू होते. दुसरं बोअरही कोरडं निघालं असतं, प्रकल्प गुंडाळला असता, खनिजाच्या शोधात बहुतेक बोअर कोरडीच निघतात. पुढच्या आवृत्तीत मी गुपचूप दुरुस्ती केली असती. कुणाला कळलंही नसतं.

त्या रात्री मला आपली प्रयोगशाळा आठवली.

दहावीचा प्रयोग, पट्टीचुंबक आणि उदासीन बिंदू. चुंबकाचा उत्तर ध्रुव उत्तरेकडे ठेवायचा आणि पूर्वेला व पश्चिमेला सुई गोंधळते ते बिंदू शोधायचे. दोन्हीकडचं अंतर सारखं यायला हवं. माझं एकीकडे अकरा सेंटिमीटर आलं, दुसरीकडे सात. मागच्या वर्षीच्या ताईच्या जर्नलमध्ये दोन्हीकडे अकरा होतं. मी सात खोडून अकरा केलं. बाई आल्या, त्यांनी कागदावर बोट फिरवलं. खोडरबराने तिथे कागद पातळ झाला होता.

"हे का खोडलंस?"

"बाई, चुकलं होतं."

"कोण चुकलं? सुई?"

मी गप्प. बाईंनी टेबलाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ती कंपासपेटी जरा बाजूला ठेव." माझी पत्र्याची कंपासपेटी सुईच्या शेजारीच पडली होती. ती उचलली, पुन्हा मोजलं. अकरा. मग बाईंनी मला खोडलेला सात परत लिहायला लावला, त्याच्या खाली अकरा, आणि शेजारी कारण. जर्नल काही सुंदर दिसत नव्हतं.

बाई, तुम्ही समोर बसला आहात. तुम्हाला हे आठवत नसेल, वर्गात आम्ही बावन्न जण होतो. पण त्या रात्री मला दिसलं की मी पुन्हा तेच करायला निघाले होते. सात खोडून अकरा.

सकाळी मी आधी भूवैज्ञानिकांना फोन केला, नंतर साहेबांना. भूवैज्ञानिक बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तुम्ही आता सांगताय?" त्यांचं बरोबर होतं. तो आलेख मी नकाशाच्या आधी काढायला हवा होता, बोअरच्या नंतर नाही.

दुसरं बोअर रद्द झालं, अहवाल मागे घेतला. नव्या नकाशात पट्टा नाहीसा झाला. त्याच्याखाली काही मोठं दडलेलं सापडलं, असंही झालं नाही. मला त्या कामावरून काढलं, त्या वर्षी पगारवाढ नाही. भूवैज्ञानिक सहाएक महिने माझ्याशी कामापुरतंच बोलले. काकांच्या धुऱ्यावरची तूर त्या वर्षी गेली ती गेलीच. प्रामाणिकपणाचं बक्षीस मिळाल्याच्या गोष्टी आपण सुविचाराच्या फळ्यावर लिहायचो. ही तशी गोष्ट नाही. एवढंच झालं की दुसऱ्या कुणाच्या शेतात गाडी गेली नाही.

हल्ली माझा प्रोग्रॅम नकाशा काढायच्या आधी बेसचा आलेख दाखवतो आणि विचारतो, "शिखर दुपारी आहे का?" 'हो' म्हटल्याशिवाय पुढे जात नाही. ते भूवैज्ञानिक आता निवृत्त झालेत. जाईपर्यंत त्यांच्या प्रत्येक फाईलची पहिली ओळ असायची, "वेळ : भारतीय प्रमाणवेळ. कृपया खात्री करावी." 'कृपया' फक्त माझ्यासाठी असायचं.

वेगळा आकडा आला की दोनच शक्यता असतात. एक तर कुलाब्यासारखं खरंच काही घडलेलं असतं, किंवा आपली कंपासपेटी शेजारी पडलेली असते. यातलं कोणतं ते खोडून कळत नाही. खोडलं की दोन्ही हातचं जातं.

एक विनंती करून थांबते. आपल्या तुकडीच्या वर्गणीतून प्रयोगशाळेला दहा होकायंत्रं दिली आहेत. आताच्या मुलांच्या जर्नलमध्ये एखादा सात दिसला, तर शिक्षकांनी त्याला गुण द्यावेत, कारण शोधल्यावर थोडे जास्त. आणि जमलं तर वर्षातून एकदा मुलांना अलिबागला घेऊन जावं. गाडीचा खर्च आम्ही करू.

होकायंत्रं लाकडी पेटीत ठेवली आहेत. पत्र्याची कंपासपेटी तेवढी लांब ठेवा.