प्रागची राजकन्या आग्नेस

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आज आपल्या मंडळाचा वर्धापनदिन. या दिवशी एखाद्या कर्तृत्ववान स्त्रीचे चरित्र सांगावे, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. आपल्याकडील थोर स्त्रियांची चरित्रे आपण पुष्कळदा ऐकली आहेत. म्हणून आज मी दूरच्या मुलखातली, सातशेहून अधिक वर्षांपूर्वीची एक राजकन्या निवडली आहे. तिचे नाव आग्नेस.

बोहेमिया हा आजच्या चेक प्रजासत्ताकातला प्रदेश. त्याची राजधानी प्राग, व्लतावा नदीच्या काठी. तेथील राजा पहिला ओटाकार आणि राणी कॉन्स्टन्स यांच्या पोटी १२११ च्या सुमारास आग्नेस जन्मली. त्या काळी राजाची मुलगी म्हणजे तहाच्या कागदावरची मोहोर! तीन वर्षांची असताना तिला बहिणीबरोबर परमुलखातल्या मठात शिकायला धाडले. पुढे सम्राट दुसरा फ्रेडरिक याचा मुलगा हेन्री याच्याशी तिचे लग्न ठरले आणि रीतिभाती शिकण्यासाठी तिची रवानगी ऑस्ट्रियाच्या ड्यूककडे झाली. पण त्या ड्यूकने १२२५ मध्ये आपलीच मुलगी हेन्रीला दिली. आग्नेस माहेरी परतली. मोडलेल्या सोयरिकीचा बोल मुलीलाच लागतो, हे तुम्हांआम्हांला काय सांगायला हवे?

पुढे इंग्लंडच्या राजाकडून विचारणा झाली आणि खुद्द सम्राट फ्रेडरिकनेही तिला मागणी घातली. एवढ्या मोठ्या घरचे स्थळ, कोण नाही म्हणणार? आग्नेस म्हणाली. बापाच्या मृत्यूनंतर भाऊ वेन्सेस्लास गादीवर होता. त्याच्यावरच न विसंबता तिने रोमला पोप नववे ग्रेगरी यांच्याकडे दाद मागितली आणि त्यांनी तिची बाजू उचलून धरली. अर्थात ती राजकन्या होती, म्हणून तिचा शब्द रोमपर्यंत पोहोचला. गावातल्या साध्या मुलीचा नकार वेशीबाहेरही गेला नसता, हे आपण विसरू नये.

तिची मामेबहीण, हंगेरीची एलिझाबेथ, हिने वैधव्यात दवाखाना काढून रोग्यांची सेवा केली आणि १२३१ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, देह ठेवला. आग्नेसने तोच मार्ग धरला. आपल्या वाट्याच्या धनातून तिने प्रागमध्ये रुग्णालय बांधले, त्याच्या शेजारी मठ उभारला आणि १२३४ मध्ये स्वतः त्या मठात प्रवेश केला. लवकरच ती मठाची मुख्य झाली. पण मोठेपणाच्या पदवीपेक्षा ‘थोरली बहीण’ म्हणवून घेणे तिला आवडे. ती चुलीपाशी बसे, रोग्यांचे फाटके कपडे शिवी.

खरा पेच पुढेच आहे. मठातल्या बायकांची उपासमार होऊ नये म्हणून पोपनी रुग्णालयाची मिळकत मठाला जोडून दिली. हेतू चांगलाच होता. पण आग्नेसला ते पटेना. रोग्यांसाठी दिलेल्या पैशावर आपण कसे जगावे? आणि मिळकत आली की तिच्यामागे वादही आले. तिने पुन्हा रोमकडे अर्ज केला आणि १२३८ मध्ये मिळकत सोडण्याची परवानगी मिळवली. रुग्णालयाचा कारभार तिने त्यासाठीच उभ्या केलेल्या सेवकसंघाकडे सोपवला. मठाचे नियम आपल्या मनाप्रमाणे असावेत, ही तिची विनंती मात्र पोपनी त्याच वर्षी नाकारली. ती खचली नाही, की काम सोडून रुसून बसली नाही.

या साऱ्यात तिला धीर दिला तो इटलीतल्या असिसीच्या क्लाराने. तिचाही निर्धार असाच, मिळकतीविना राहण्याचा. दोघींची आयुष्यात कधी गाठ पडली नाही. क्लाराने तिला लिहिलेली चार पत्रे आज उपलब्ध आहेत. आग्नेसची उत्तरे मात्र काळाने गिळली.

आग्नेसने जग सोडले, पण माणसे सोडली नाहीत. भाऊ आणि भाचा यांच्यात तंटा पेटला, तेव्हा या आत्याने समेटासाठी खटपट केली. तोच भाचा, राजा दुसरा ओटाकार, १२७८ मध्ये रणात पडला. देशात बेबंदशाही माजली आणि दुष्काळही आला. अशा हलाखीतच २ मार्च १२८२ रोजी तिने डोळे मिटले.

१२ नोव्हेंबर १९८९ रोजी रोमने तिला संतपद दिले. त्यानंतर पाचच दिवसांनी प्रागमधले विद्यार्थी रस्त्यावर आले आणि वर्ष संपण्याच्या आत तेथील एकपक्षी राजवट कोसळली. तेथील पुष्कळ लोक या दोन्ही गोष्टी एकत्रच आठवतात. तिचा मठ १७८२ मध्ये बंद झाला. त्या वास्तूत आता मध्ययुगीन कलेचे संग्रहालय आहे. तिने उभा केलेला सेवकसंघ मात्र अजूनही चालू आहे.

भगिनींनो, आपल्या मंडळाची तिजोरी लहान आहे. पण शिवणवर्गासाठी आलेला रुपया शिवणवर्गालाच लागावा आणि आपण पायउतार झालो तरी काम चालू राहावे, एवढे आग्नेसपासून घेता येईल. मग तिच्यासारखे राजवाड्यात जन्मण्याची गरज नाही.